पुण्याने जिंकलेलं एक विसरलेलं विजेतेपद

एक प्रश्न विचारतो. ऑफिसच्या क्विझमध्ये खपेल. भारतातल्या पहिल्या अमेरिकन फुटबॉल लीगचं पहिलं विजेतेपद कोणत्या शहराच्या टीमने जिंकलं?

उत्तर आहे पुणे. टीमचं नाव 'पुणे मराठाज'. साल २०१२. फायनलमध्ये समोर होते दिल्ली डिफेंडर्स, आणि स्कोअर होता ६-०. इतिहासप्रेमी पुणेकराला 'मराठ्यांनी दिल्लीला हरवलं' यापेक्षा आवडती हेडलाइन कोणती असणार? तरीही ही गोष्ट फारशी कुणाला आठवत नाही. शनिवारवाड्यापुढे मिरवणूक निघाली नाही, लक्ष्मी रोडवर फ्लेक्स लागले नाहीत. (पुण्यात फ्लेक्स लागला नाही म्हणजे ती घटना घडलीच नाही असं मानायला हरकत नाही!)

असं का झालं? सोपं उत्तर तयार आहे: 'हा आपला खेळच नाही.' पण क्रिकेट तरी कुठे आपलं होतं? त्यामुळे खरं उत्तर शोधायला जरा लांबून जावं लागेल. आधी अमेरिकेतल्या ओहायोला, आणि मग स्वारगेटहून एसटी पकडून भोर-वेल्ह्याला.

आधी खेळ थोडक्यात

अमेरिकन फुटबॉल हा जमीन मिळवायचा खेळ आहे. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. बॉल घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर बॉल गोलखांबांमधून मारला तर वर १ गुण. टचडाउनऐवजी नुसतीच किक मारून फील्ड गोल केला तर ३ गुण. म्हणजे ६-० हा या खेळातला अगदी कंजूष स्कोअर. एवढ्यावर फायनल निकाली निघते तेव्हा दोन्हीकडचा बचाव तटबंदीसारखा उभा असतो.

ही लीग म्हणजे 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'. २०११ साली तिची घोषणा झाली. मागे नावं मोठमोठी: माइक डिट्का, मायकेल अर्विन, कर्ट वॉर्नर असे अमेरिकेतले नावाजलेले माजी खेळाडू आणि हॉलिवूडचा मार्क वॉलबर्ग. टीम्सची नावंही झोकदार. मुंबई ग्लॅडिएटर्स, बंगलोर वॉरहॉक्स, कोलकाता व्हायपर्स, हैदराबाद स्कायकिंग्ज, कोलंबो लायन्स. हिशोब उघड होता. १२० कोटींचा देश, तरुण लोकसंख्या, आयपीएलने दाखवून दिलेला टीव्हीचा पैसा. रग्बी आणि इतर खेळांतली दणकट मुलं आणली, त्यांना नवा खेळ शिकवला आणि २०१२ मध्ये पहिला हंगाम पार पाडला.

फक्त एक गंमत होती. हा हंगाम खेळला गेला श्रीलंकेत, कोलंबोला. सामने चित्रित करायचे आणि नंतर टीव्हीवर दाखवायचे अशी योजना. म्हणजे 'पुणे मराठाज' जिंकले तेव्हा समोर पुणं नव्हतंच. नाव सह्याद्रीतलं, मैदान समुद्रापलीकडचं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट लॉन्च झालं, पण युजर दुसऱ्याच देशात राहिले.

त्यानंतर दरवर्षी रंगणारी लीग म्हणून हा प्रकार काही मूळ धरू शकला नाही.

अमेरिकेतही सुरुवात अशीच फाटकी होती

आता एक गैरसमज दूर करू. आज सुपर बोलचा झगमगाट बघून वाटतं की अमेरिकेत हा खेळ पहिल्यापासून श्रीमंत असणार. अजिबात नाही. व्यावसायिक फुटबॉल तिथे अर्धपोटीच जन्माला आला.

१२ नोव्हेंबर १८९२ या दिवशी पिट्सबर्ग भागात दोन स्थानिक क्लबांची मॅच होती. त्यात अलेघेनी क्लबने विल्यम 'पज' हेफेलफिंगर नावाच्या गड्याला एका सामन्याचे ५०० डॉलर दिले. तेव्हा पैसे घेऊन खेळणं म्हणजे अब्रू घालवणं, त्यामुळे सगळा कारभार गुपचूप. त्याने टचडाउन केला (तेव्हा त्याचे ४ गुण होते) आणि सामना ४-० जिंकून दिला. पुढे कित्येक वर्षांनी क्लबच्या हिशोबाचा कागद सापडला आणि जगातला पहिला ज्ञात व्यावसायिक फुटबॉलपटू कोण ते कळलं. जमाखर्च नीट लिहून ठेवणाऱ्यांचे इतिहासावर फार उपकार असतात!

मग ओहायो राज्यातली कँटन, मॅसिलॉन, अॅक्रन ही कारखान्यांची गावं या खेळाने पेटली. खेळाडू आठवडाभर गिरणीत किंवा दुकानात काम करायचे आणि रविवारी गावासाठी हाडं मोडून घ्यायचे. १९१५ मध्ये कँटनने ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प याला सामन्याला २५० डॉलर देऊन आणलं. गावागावांत चुरस, सट्टा, ऐनवेळी समोरच्याचा खेळाडू पळवणं, सगळं होतं.

या गोंधळाला शिस्त लावायला १९२० साली कँटनमधल्या राल्फ हे याच्या मोटारींच्या शोरूममध्ये बैठक भरली. पुरेशा खुर्च्या नव्हत्या म्हणून मंडळी गाड्यांच्या पायऱ्यांवर बसली होती, असं सांगतात. तिथे जी संघटना जन्मली तिचं नाव १९२२ मध्ये झालं नॅशनल फुटबॉल लीग. आज जगातली सर्वांत श्रीमंत लीग म्हणतात ती हीच.

आणि विजेतेपद? सुरुवातीची बारा वर्षं फायनल नावाचा प्रकारच नव्हता. १९२० चं विजेतेपद अॅक्रनला मिळालं ते पुढच्या वर्षीच्या बैठकीत मतदान घेऊन. जो तो आपापल्या सोयीने सामने ठरवायचा, कुणी आठ खेळायचा तर कुणी बारा, आणि शेवटी कागदावर हिशोब मांडून विजेता ठरायचा.

यातून जे व्हायचं तेच झालं. १९२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल या कोळसा खाणींच्या छोट्या गावाची टीम, मरून्स, शिकागो कार्डिनल्सना त्यांच्याच शहरात जाऊन २१-७ हरवून आली. गाव खूष, आपणच चॅम्पियन म्हणून. पण नंतर त्यांनी फिलाडेल्फियात नोत्र दाम कॉलेजच्या माजी खेळाडूंशी एक प्रदर्शनीय सामना खेळला. तो भाग दुसऱ्या टीमच्या हद्दीत येतो म्हणून लीगने त्यांना निलंबित केलं आणि विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर गेलं. २००३ साली हे प्रकरण पुन्हा उघडावं का यावर टीम मालकांनी मतदान केलं. ३० विरुद्ध २ मतांनी नकार. ७८ वर्षांनंतरसुद्धा एका गावाला हक्काचा निकाल हवा होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. विजेतेपद म्हणजे नुसता चषक नसतो. ते गावाच्या आठवणीत जातं, नातवंडांना सांगितलं जातं.

१९३२ मध्ये बरोबरी फोडायला जादा सामना घ्यावा लागला, आणि १९३३ पासून रीतसर अंतिम सामना सुरू झाला.

मोठी लीग मोठी होत गेली तशी तिच्या खाली अर्धव्यावसायिक टीम्सची एक दाट साय तयार झाली. जॉनी युनायटस हा या खेळातला थोर क्वार्टरबॅक. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला काढून टाकलं, तेव्हा तो ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या गल्लीतल्या टीमकडून खेळला, सामन्याला ६ डॉलर घेऊन. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरने त्याला घेतलं आणि बाकी इतिहास आहे. वर उल्लेख केलेला कर्ट वॉर्नर किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा, मग छोट्या लीगमध्ये खेळला आणि २००० च्या जानेवारीत सुपर बोलचा मानकरी झाला. मार्क वॉलबर्गने 'इन्व्हिन्सिबल' सिनेमात ज्याचं काम केलं तो व्हिन्स पापाली हाही त्याच सायीतला.

म्हणजे बघा, कोलंबोत खेळवल्या गेलेल्या लीगमागची माणसं स्वतः या पायरीचं महत्त्व जाणणारी होती. तरीही भारतात येताना त्यांनी कळसापासून बांधकाम काढलं.

आता वेल्हे

वेल्हे म्हणजे आपल्या वीकेंड ट्रेकवाल्यांचं तोरण्याच्या पायथ्याचं चहा-पोह्यांचं ठिकाण. (तालुक्याचं नाव 'राजगड' करायचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला, पण तोंडातून वेल्हेच निघतं.) शेजारी भोर, एकेकाळचं पंतसचिवांचं संस्थान. दोन्हीकडे डोंगर, धो धो पाऊस आणि भाताची शेती. भात निघालं की पुढच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या हाताला जरा उसंत. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा येतात त्या याच उसंतीत. आदल्या रात्री पालखी, छबिना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा.

आपल्याकडचे शहरी लोक याला 'फोकलोर' वगैरे म्हणून मोकळे होतात. पण जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. ही एक चोख चालणारी अर्धव्यावसायिक लीग आहे.

एक, हंगाम ठरलेला. आज या गावाची जत्रा, परवा त्या गावाची. तिथीने बांधलेलं वेळापत्रक, त्यामुळे तारखांचा घोळ सहसा नाही. पैलवान गावामागून गाव करत फिरतो.

दोन, पायऱ्या ठरलेल्या. दुपारी पोरासोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग शेकड्यातलं इनाम, मग हजारातलं, आणि सूर्य कलताना शेवटची मानाची कुस्ती. दहा वर्षांचं पोर आणि तालुक्यातला नावाजलेला मल्ल एकाच मातीत, एकाच दुपारी उतरतात. पोराला आपण पुढे कुठे जायचं ते डोळ्यांसमोर दिसतं.

तीन, पैसा गावाचा. जत्रा कमिटी घरटी वर्गणी काढते. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले पाठवतात. कुणी आजोबांच्या नावाने कुस्ती लावतो. लाउडस्पीकरवरून प्रत्येक देणगीदाराचं नाव पुकारलं जातं आणि ते पुकारलं जाणं हाच त्याचा परतावा.

चार, निकाल सगळ्यांसमोर. पाठ टेकली की चितपट, हजार डोळे साक्षीला. जोड लावताना गडबड केली, एक तगडा आणि एक किडकिडीत असे गडी भिडवले, तर पंचांना लोक जागेवर सुनावतात.

पाच, पैलवानाचं पोट दुसरीकडे. कुणी शेती करतो, कुणी दुधाचा धंदा, कुणी कारखान्यात, कुणी पोलीस नाहीतर लष्कराच्या भरतीची तयारी. इनाम खुराकाला जातं. दूध, बदाम, तूप यांचा खर्च ज्याने बघितलाय त्याला कळेल की जिंकलेला पैसा हातात किती वेळ टिकतो ते.

या सगळ्याच्या वर शिखर म्हणून महाराष्ट्र केसरी. राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ची, तिच्यामागे मामासाहेब मोहोळ, म्हणजे आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यातले. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. आणि फायनलची रचना बघा. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात गदेसाठी लढत. सुपर बोल दुसरं काय आहे? दोन वेगळ्या लीग, दोघांचे विजेते, वर्षाच्या शेवटी समोरासमोर. त्यांची पहिली अशी लढत झाली जानेवारी १९६७ मध्ये. आपली गदा सहा वर्षं जुनी!

वादसुद्धा सारखेच. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून जो गदारोळ झाला तो पाहून पॉट्सव्हिलच्या म्हाताऱ्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं असतं.

टोपी कोण फिरवतं?

आता दोन्ही धागे एकत्र बांधू. अमेरिकेत १९२० च्या आसपास शेकड्याने छोट्या गावांच्या टीम्स होत्या. मोठ्या लीगमध्ये आज त्यातलं छोटं गाव एकच उरलंय, ग्रीन बे. वस्ती लाखभर. १९१९ मध्ये तिथल्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशाला पैसे दिले म्हणून टीमचं नाव पॅकर्स. पहिल्या हंगामात तिकीट नव्हतं, प्रेक्षकांत टोपी फिरवायची आणि जमेल ते वाटून घ्यायचं. हंगाम संपल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला आले १६ डॉलर ७५ सेंट. १९२३ मध्ये टीम कर्जात बुडाली तेव्हा गावाने ५ डॉलरला एक असे शेअर विकत घेतले. त्यावर लाभांश मिळत नाही, नफा मिळत नाही. फक्त 'टीम आमची' असं म्हणता येतं. त्यामुळेच मोठ्या शहरांनी मागणी घातली तरी ती टीम कुणी उचलून नेऊ शकलं नाही.

याला आपल्याकडे काय म्हणतात? वर्गणी. अगदी तीच, लाउडस्पीकरवर नाव पुकारतात ती.

आपल्याच मातीतलं उलट बाजूचं उदाहरण कबड्डीचं. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली तेव्हा तीही वरून आलेली, चकचकीत, टीव्हीसाठी बनवलेलीच होती. पण खाली पाया होता. गल्लीतली मंडळं, जिल्हा निवड चाचण्या, खेळाडूंना नोकरी देणाऱ्या बँका, रेल्वे, पोलीस आणि महिंद्रासारख्या कंपन्या. टीव्हीवाल्यांनी तयार इमारतीवर रोषणाई केली. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, तेव्हा ते पुण्यात साजरं झालं. बारा वर्षांच्या अंतराने याच शहराची दोन विजेतेपदं, एक घराघरात आणि एक क्विझपुरतं. दोन्हीकडच्या खेळाडूंनी अंग सारखंच मोडून घेतलं होतं. फरक होता तो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचा.

म्हणून 'हा आपला खेळच नाही' हे उत्तर मला पटत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड हे गणित आट्यापाट्या खेळलेल्या पोराला पाच मिनिटांत समजेल. लागतं ते एवढंच, की सामना डोळ्यांसमोर व्हावा, खेळणाऱ्यांत ओळखीचं कुणीतरी असावं आणि खिशातले पाच-दहा रुपये त्यात गेलेले असावेत. पुणे मराठाजच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, आणि यात त्या मुलांचा काही दोष नव्हता. अनोळखी खेळ शिकून, परक्या मैदानावर, अख्ख्या फायनलमध्ये समोरच्याला एकही गुण करू दिला नाही त्यांनी. हे कुठेतरी मराठीत लिहून ठेवायला हवं होतं, हेफेलफिंगरच्या पावतीसारखं. म्हणून हा खटाटोप.

जत्रेचा आखाडा मात्र अमरपट्टा घेऊन आलाय असं समजू नका. पुण्याच्या कडेकडेने जमिनीचे भाव चढले तसे इनामाचे आकडेही फुगले. आखाडा काही गावांत वर्गणीचा न राहता एकदोन मोठ्या देणगीदारांचा होतो. भोर-वेल्ह्याकडे प्लॉट बघायला आपणच जातो, तेव्हा या बदलात आपलाही हात आहे. एकाच माणसाच्या पैशावर उभा राहिलेला फड त्या माणसाचा रस संपला की उठतो. कोलंबोत नेमकं तेच झालं होतं, फक्त आकडे डॉलरमध्ये होते.

जाता जाता एक बातमी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे, अमेरिकन फुटबॉलचाच धक्काबुक्की वगळलेला पाच-पाच जणांचा प्रकार. हा निर्णय झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि तोही मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. क्रिकेटच्या आनंदात तेव्हा कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. याला ना हेल्मेट लागतं ना चिलखत. शाळेचं मैदान आणि कमरेला दोन फडकी असली तरी भागतं. उद्या कुणी हा खेळ पुन्हा इकडे आणणार असेल तर त्याने एवढंच करावं, पहिला सामना शाळेच्या पटांगणात घ्यावा, बघायला आईबापांना बोलवावं आणि टोपी फिरवावी.

आणि आपण? पुढच्या चैत्रात तोरणा उतरलात की लगेच गाडी पुण्याकडे वळवू नका. वाटेत कुठेतरी हलगी वाजत असेलच. मानाची कुस्ती होईपर्यंत बसा. आणि कमिटीचा माणूस वही घेऊन आला तर शंभर रुपये लिहा. नाव पुकारतात, खरंच बरं वाटतं.